वडाचा चीक

अक्का, काल तुझं तेरावं झालं आणि आज शुक्रवार आहे. ओसरीत सकाळपासून चार-पाच बाया येऊन बसल्यात. तू नाहीस हे त्यांना माहीत आहे, काल पंगती त्यांनीच तर वाढल्या. तरी आल्या. दर शुक्रवारी तुझ्या जटेला कुंकू लावायचं आणि मग कापूस वेचायला जायचं, ही सोळा वर्षांची सवय. तुझी जट ठेवायची पिशवी मायनं देव्हाऱ्यात मांडली आहे. बाया त्या पिशवीला कुंकू लावतायत. मी आतल्या खोलीचं दार लोटून हे लिहायला बसले आहे, कारण तुला सांगायचं एक वाक्य माझ्याकडे सोळा वर्षं पडून राहिलं आणि ते ऐकायला आता तू नाहीस.

तुझी जट आईनं दिलेली नव्हती. ती मी केली होती.

आपल्या घरात चुलीपाशी असते ती माय आणि माहूरला असते ती आई. जट आईची, असं गाव म्हणालं, माय म्हणाली, अण्णा मरेपर्यंत म्हणत राहिले. मीही म्हणत राहिले. कुणी विचारलं की "हो, ताप उतरला तेव्हा आली" असं मी इतक्या सराईतपणे सांगायचे की मधल्या काही वर्षांत मला स्वतःलाच ते खरं वाटायचं.

त्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून सगळा मराठवाडा पेटला होता. मी दहा वर्षांची, तू एकोणीस. तुझी सोयरीक जिंतूरला ठरलेली, दिवाळीनंतर लग्न. आणि तुला मुदतीचा ताप भरला. अण्णांनी तुला बैलगाडीत घालून सेलूच्या दवाखान्यात न्यायला काढलं, तर वाटेतून परत यावं लागलं. पुढं दगडफेक चालू होती. दलितांची घरं जाळत फिरणाऱ्यांना रस्ता मोकळा होता, आजारी पोरीच्या गाडीला नव्हता. मग तू तीन आठवडे बाजेवर पडून राहिलीस. माय कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायची, पाणी केसांत मुरायचं. तुझे ते गुडघ्याला लागणारे केस, त्यांना कोण विंचरणार? मायला चूल, ढोरं आणि तू. मला तिनं पदरानं वारा घालायला तुझ्याजवळ बसवलं होतं.

शेजारच्या बाया दारात उभ्या राहून म्हणायच्या, "पोरगी चालली गं." मी ते ऐकत होते. देवळात श्रावणाची पोथी लागली होती, तिथं मी ऐकलं की देव वनवासाला निघाला तेव्हा त्यानं वडाचा चीक लावून केसांच्या जटा वळल्या. आणि चौदा वर्षांनी तो धडधाकट परत आला. माझ्या डोक्यात एवढंच बसलं की चालला होता, जटा वळल्या, परत आला. तूही चालली होतीस.

ओढ्यावरच्या वडाची पानं मी देठाशी मोडली. एका देठातून चिकाचा एकच थेंब येतो, अक्का. नारळाची करवंटी अर्धी भरायला मला दोन सकाळी लागल्या. माय गोठ्यात होती तेव्हा तुझ्या मानेवरचे, मागचे केस घेतले, ते आधीच गुंतलेले होते, त्यांना चीक चोळला, वर चुलीतली राख लावली आणि पीळ देत देत मनगटाएवढी एक जट वळली. तू डोळे उघडलेस. "काय करायलीस गं सुमे?" मी म्हणाले, "वेणी घालायलेय." तू म्हणालीस, "घाल," आणि डोळे मिटलेस. तू तापात बरळलीस असं मी समजले. सोळा वर्षं तसंच समजत राहिले.

दोन दिवसांनी तुझा ताप उतरला. मायनं तुला बसवून डोकं धुवायला घेतलं आणि तिच्या हाताला ती लागली. कडक, वळलेली. ती आधी घाबरली, मग किंचाळली. गावातली परडी घेऊन फिरणारी म्हातारी आराधीण आली, तिनं जटेला हात लावून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. म्हणाली, "आईनं पोरगी राखली. आता ही तिची. कातर लावाल तर जशी दिली तशी न्हील." माय रडत होती आणि हसत होती. अण्णा, ज्यांना मी कधी वाकलेलं पाहिलं नव्हतं, ते तुझ्या बाजेपुढं वाकले. मी कणगीमागं उभी होते. माझ्या नखांत अजून चीक होता. काळा पडतो तो वाळल्यावर, लवकर निघत नाही. बोलले तर जट कापतील आणि कापली तर तू मरशील, असं मला वाटलं. दहा वर्षांच्या पोरीला तसं वाटणं मी समजू शकते. पण मी पुढं वीस वर्षांची झाले, डी.एड. झाले, पोरांना पाटीवर 'खरं बोलावं' असं लिहून द्यायला लागले. तेव्हा काय झालं होतं माझ्या जिभेला?

जिंतूरची माणसं आली तो दिवस आठवतो ना तुला? तुझी होणारी सासू पोह्यांची बशी खाली ठेवून उठली आणि तुझ्या पाया पडली. तू पाय मागं घ्यायला लागलीस. ती म्हणाली, "बाई, आमाला माफ करा. तुमाला कामाला कसं लावावं आमी?" ज्या सुनेच्या पाया पडावं लागतं तिला घरात कोण नेईल? त्यांनी खण-नारळ ठेवला, साखरपुड्याची साडी मागितली नाही, लय मानानं गेले. एवढ्या मानानं कुणाचं लग्न मोडलेलं मी पाहिलं नाही. माणसं गेल्यावर तू न खाल्लेले पोहे वाटीनं कोंबड्यांना टाकलेस आणि परसात जाऊन बराच वेळ उभी राहिलीस. मी मागून पाहत होते. तुझी मान तेव्हा अगदी ताठ होती.

मग जट राखायचं काम माझ्याकडं आलं. मीच मागून घेतलं. फणी लावायची नाही असं ठरल्यावर वर्ष-दीड वर्षात बाकीचे केसही तिनं ओढून घेतले आणि तुझ्या पाठीवर एकच जाड दोर लोंबायला लागला. दर शुक्रवारी मी बसायचे. खोबरेल आणि करंजाचं तेल निम्मं-निम्मं, करंज उवांसाठी. कोमट करायचं, मुळाशी बोटांनी जिरवायचं, नवे आलेले केस जटेत पिळून बसवायचे. धुवायची ती महिन्यातून एकदा आणि तीही कडक उन्हाच्या दिवशी, नाहीतर आतून ओली राहते आणि कुबट वास सुटतो. बाजेवर पसरून दोन दिवस वाळवायची, खाली उदाची धुरी द्यायची, वरून भंडारा. कुठं विरली तर दाभणात जाड दोरा ओवून टाके घालायचे. मायच्या जुन्या लुगड्याची पिशवी शिवली होती मी, तिच्यात जट गुंडाळून तू कमरेला अडकवायचीस. झोपताना उशीशेजारी पाट, पाटावर जट. तू तिला बाईसाहेब म्हणायचीस. "सुमे, बाईसाहेबांना उचल, मला कूस बदलायचीय." आपण दोघी इतक्या हसायचो की माय देवीचा कोप होईल म्हणून ओरडायची.

मला त्या कामात हुशारी आली होती, हे सांगायची लाज वाटते. सेलूहून, जिंतूरहून बाया यायच्या, "तुमच्या अक्काची जट किती निगुतीची, आमाला दाखवा कशी राखावी." मी दाखवायचे. गुन्हेगारानं आपल्या कामाचं प्रदर्शन भरवावं, तसं. आणि कधी कधी तुझा डोळा लागला की दाभणाचं टोक जटेच्या शेंड्याला घालून एकेक केस सोडवून बघायचे. बोटभर सुटायचीही. तू लगेच म्हणायचीस, "काय करायलीस?" मी म्हणायचे, "टाका घालायलेय." तू मान न हलवता तशीच बसायचीस. थांबायचीस, अक्का. आता मला कळतं की तू थांबायचीस.

आणि ती गव्हाणी गावची पोरगी. दोन वर्षं झाली असतील. एक बाई आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आली, मुलीच्या कानामागं लिंबाएवढा गुंता. बाई म्हणाली, "आईची हाय का बघा." गावाला वाटलं तू कुंकू लावून ओटी भरशील. तू तेलाची वाटी मागितलीस, माझ्याकडून दाभण घेतलंस आणि त्या पोरीला मांडीशी घेऊन बसलीस. ऊन ओसरीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं. गुंता सुटला. पोरगी केस हलवून बघायला लागली तेव्हा तू तिच्या आईला म्हणालीस, "ही आईची न्हाई, आळसाची हाय. रोज विंचरत जा." त्या पोरीच्या केसांचा वास घेतलास तू जाता जाता. मी पाहिलं.

तेच मी यंदाच्या दिवाळीत काढलं आणि आपलं भांडण झालं. नोकरीमुळे मी जिंतूरला खोली घेऊन राहते, शुक्रवारचं काम मायकडं गेलेलं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, हाताला जोर नाही. जटेला वास यायला लागला होता. मी चिडले. कुणावर चिडले देव जाणे. म्हणाले, "काप ती. मान मोडायची पाळी आलीय. त्या पोरीची सोडवलीस, मग तुझी का नाही?"

तू मटारच्या शेंगा सोलत होतीस. वर न बघता म्हणालीस, "तिची सोडवायला मी व्हते."

"म्हणजे काय?"

"म्हंजे काय न्हाई. तुला एवढी कशाची तकलीफ व्हायलीय सुमे? बोल की. मन मोकळं करून बोल."

मी तोंड उघडलं होतं, अक्का. खरंच उघडलं होतं. आणि त्यातून निघालं काय, तर "तुला मोठेपणा हवाय, पाया पडून घ्यायची चटक लागलीय." तू शेंगा तशाच ठेवल्यास आणि आत गेलीस. मी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं गेले, तुला हाकही मारली नाही. त्यानंतर आले नाही. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. प्रत्येक रविवारी म्हणायचे, पुढच्या रविवारी. तेवढ्या दिवसांत जटेखाली तुझ्या मानेला जखम झाली आणि चिघळली. मायला ती दिसली नाही. मला पहिल्या शुक्रवारी दिसली असती. माझी बोटं तिथून गेल्याशिवाय राहिली नसती.

संक्रांतीच्या सकाळी माझ्या घरमालकांकडं सेलूहून फोन आला, अक्काला ताप आहे, दवाखान्यात आणलंय, सुमनला पाठवा. मी काय केलं, सांगू? दुपारी शाळेतल्या बाईंकडं हळदीकुंकू होतं, नवी काळी साडी घेतली होती. ताप तर ताप, मान दुखत असेल, उद्या जाऊ. आणि तुला तोंड कसं दाखवायचं हाही प्रश्न होताच. मी तिळगूळ वाटत बसले. गोड बोला म्हणत बसले.

त्याच दिवशी विद्यापीठाच्या नावाचा निर्णय लागला. दुसऱ्या दिवशी एसटी देवगाव फाट्यावर थांबली, ती हलेना. ड्रायव्हर म्हणाला, "म्होरं न्यायचा हुकूम न्हाई. वातावरण बरोबर न्हाई." मी त्याच्याशी भांडले, पोलिसाशी भांडले. हॉटेलच्या बाकड्यावर बसले, उठले. दुपारी चालत निघाले, वाटेत कापसाच्या एका गाडीवाल्यानं घेतलं. गावात पोचले तेव्हा तुला घरी आणून, न्हाऊ घालून झालं होतं. जट छातीवर ठेवलेली, भंडाऱ्यानं पिवळी. मानेला पांढरी पट्टी. कातर लावायची नाही म्हणून जटेसकटच नेलं तुला. मी एकदाही तुझ्या केसांना हात लावला नाही. माझी हिंमत झाली नाही.

पाचव्या दिवशी मी सेलूला दवाखान्यात गेले, तुझी पिशवी आणि तेलाची बाटली तिथं राहिली होती. नर्सबाईंनी ती कपाटातून काढून दिली आणि विचारलं, "तुमीच का त्या धाकट्या?" मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, "लय वाट बघितली तुमची. डॉक्टर म्हणत व्हते, जट काढू द्या, जखम साफ करता येत न्हाई. तुमची आई सही करंना. सकाळी त्या चहा आणायला गेल्या तवा मी पेशंटलाच विचारलं, बाई, काढू का? तर म्हणल्या, माझी धाकटी बहीण यायलीय. तिनं घातलीय ती, तीच सोडवील. ती आल्याबिगर हात लावू नका." मग नर्सबाई माझ्याकडं बघून जरा हसल्या. "तुमाला येतं का हो असलं घालायला? मला वाटायचं आपोआप व्हती."

मी पिशवी आणि बाटली घेऊन बाहेर पडले.

तुला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. "घाल," म्हणालीस ते तू शुद्धीत म्हणालीस. मग का गप्प बसलीस? अण्णा मला फोडून काढतील म्हणून? मग अण्णा गेल्यावर का नाही बोललीस? जिंतूरचा तो मुलगा तुला नको होता का? तसं असेल तर एकदा सांग, मी त्या आधारावर उरलेलं आयुष्य काढीन. पण तू परसात उभी होतीस त्या दिवशी, मला तसं वाटू देत नाही ती पाठ. की तुला फक्त एवढंच हवं होतं की मी येऊन म्हणावं, अक्का, मी केली, चल, सोडवू? दर शुक्रवारी तू माझ्यापुढं पाठ करून बसायचीस. मी जिंतूरला जाईपर्यंतचे सातशे तरी शुक्रवार असतील. प्रत्येक शुक्रवारी संधी दिलीस आणि मी तेल जिरवत राहिले. तू मला माफ केलं होतंस की शिक्षा देत होतीस? मला कळत नाही. कुणाला विचारू? ज्या एका माणसाला विचारायचं ते मीच घालवून बसले.

आता आजची सकाळ. सुतकात आपण केसांना तेल-फणी लावत नाही. दहाव्याला डोक्यावरून पाणी घेतलं, पण विंचरायचं मन झालं नाही. आज माय म्हणाली, "बस, तेल लावते." तिची बोटं माझ्या कानामागं गेली आणि थांबली. चाचपली. तिच्या त्या धुरकट डोळ्यांत तेरा दिवसांनी काहीतरी हललं. "आली गं," ती म्हणाली. "आईनं घर सोडलं न्हाई. तुझ्याकडं आली." आणि माझी माय, सत्तरीची, माझ्या पायांवर वाकायला लागली.

मी तिला दोन्ही हातांनी धरलं. सगळं सांगितलं. वड, करवंटी, राख, नखं. दवाखान्यातल्या बाई काय म्हणाल्या तेही. माझा आवाज ओसरीपर्यंत गेला असेल, गेला तर गेला. माय ओरडेल, मारेल, मला हाकलून देईल असं वाटलं होतं. मला तेच हवं होतं. तिनं फक्त माझ्या केसांतला हात काढून घेतला. तेलकट बोटं पदराला पुसली. मग हळूच म्हणाली, "मंग माझी लेक कशापायी गेली गं?"

ती उठली, ओसरीत गेली, आणि तिथं कुंकवाच्या करंड्याचा आवाज आला. बायांना ती काही बोलली नाही.

मी फणी घेतली आहे. हाताशी आपली जुनी तेलाची वाटी आहे आणि ते दाभणही. कानामागचा गुंता लिंबाएवढाही नाही, सुपारीएवढा असेल. शेंड्याकडून एकेक केस ओढते आहे. दुखतं, पण सुटतो. अर्धा सुटलासुद्धा. कुणाचंही डोकं मांडीवर घेतलं की अर्ध्या दिवसाचं काम असतं हे, जास्त नाही. त्या पोरीची सोडवायला तू होतीस. तुझी सोडवायला मी होते, अक्का. मी होते.